धावफलकात न दिसणारा गुडघा

काउंटीचा खेळ आपल्याकडच्या दुपारी साडेतीनला सुरू होतो. जेवण झालेले असते, वामकुक्षी आटोपलेली असते आणि चहाचे आधण ठेवायची वेळ झालेली असते. इंदूरच्या आमच्या ज्येष्ठ मंडळींना एप्रिल ते सप्टेंबर हा हंगाम इतका सोयीचा का वाटतो, ते एवढ्यावरून कळावे. आता बहुतेक काउंटी आपले सामने यूट्यूबवर फुकट दाखवतात. त्यामुळे नातवंडांना मोबाइल लावून द्यायला सांगायचे आणि टाँटन नाहीतर चेस्टर-ल-स्ट्रीटचे ढग बघत बसायचे, हा काहींचा नित्यक्रमच झाला आहे.

२०२५ ची विजेती नॉटिंगहॅमशायर. २०१० नंतर प्रथमच त्यांनी काउंटी अजिंक्यपद मिळवले. पण हंगाम संपल्यावर आमच्यात वाद रंगला तो त्यांच्यावरून नव्हे, मार्क वूडवरून. २३ सप्टेंबरला इंग्लंडने ॲशेससाठी सोळा जणांचा संघ जाहीर केला आणि त्यात वूड आहे. मार्चमध्ये त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरच्या अख्ख्या उन्हाळ्यात तो डरहमकडून एकही सामना खेळलेला नाही. तरीही २१ नोव्हेंबरला पर्थला सुरू होणाऱ्या मालिकेसाठी तो हवा आहे. उलट भारताविरुद्धच्या पाचही कसोटी खेळलेला ख्रिस वोक्स संघात नाही. ओव्हलवर सीमारेषेजवळ चेंडू अडवताना त्याचा डावा खांदा निखळला. शेवटच्या दिवशी तो हात स्वेटरच्या आत बांधून फलंदाजीला उतरला, हे आपण सगळ्यांनी पाहिले. तो आता पुढच्या योजनेत नाही, असे रॉब की यांनी सांगितले आणि २९ सप्टेंबरला वोक्सने आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्ती जाहीर केली.

यावरून आमच्यात दोन तट पडले. पहिल्याचे म्हणणे असे, की जो खेळलाच नाही त्याला घेता कसा? काउंटीत बळी मिळवणाऱ्याने मग करायचे काय? दुसऱ्याचे म्हणणे, ऑस्ट्रेलियात वेग लागतो. वूडचा वेग काउंटीत शोधून सापडणार नाही, तेव्हा त्याचा गुडघा बरा आहे एवढे पुरे. आम्हाला दोन्ही बाजू अर्ध्याच पटतात. फॉर्म आणि तंदुरुस्ती हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि आपण ते एकाच धावफलकावरून सोडवू पाहतो. खरी गफलत तिथे आहे.

आधी फॉर्मचे बघू. एसेक्सच्या सॅम कुकने काउंटीत वर्षानुवर्षे बळींच्या राशी घातल्या, तेही फार स्वस्तात. मे महिन्यात झिंबाब्वेविरुद्ध त्याला कसोटी मिळाली, दोन्ही डावांत मिळून एक बळी मिळाला आणि त्यानंतर त्याचे नाव मागे पडले. एका सामन्यावरून माणसाला असे बाजूला सारणे आम्हाला अन्यायाचे वाटते. पण निवडकर्त्यांचे मन कुठे आहे ते यातून कळते. एप्रिलच्या ओलसर खेळपट्टीवर मध्यमगती चेंडू डुलतो, त्या बळींचा पर्थला काय उपयोग, असा त्यांचा हिशेब आहे. फलंदाजांचेही तसेच. जूनअखेरीस ओव्हलवर कूकाबुरा चेंडूने झालेल्या सामन्यात सरेने डरहमविरुद्ध ९ बाद ८२० धावा केल्या, त्यात डॉम सिब्लीचे त्रिशतक होते. या धावांना फॉर्म म्हणायचे की निर्जीव चेंडूची कृपा? आणि दुसरीकडे जेकब बेथेल. संघ जाहीर झाला तेव्हा त्याच्या नावावर प्रथम श्रेणीत एकही शतक नव्हते, पण ॲशेसच्या संघात तो होता. काउंटीचे आकडे मन लावून वहीत उतरवून घेणाऱ्या आमच्या एका काकांनी बेथेलचे नाव ऐकून वही मिटली, ती अजून उघडलेली नाही.

तंदुरुस्तीची गोष्ट मात्र निराळी. ती आकड्यांत दिसतच नाही, किंवा भलत्याच आकड्यांत दिसते. जोफ्रा आर्चर साधारण चार वर्षे प्रथम श्रेणी सामना खेळला नव्हता. आधी कोपर, मग पाठीत स्ट्रेस फ्रॅक्चर, मग पुन्हा कोपर. जूनमध्ये ससेक्सकडून डरहमविरुद्ध तो परतला आणि १८ षटकांत ३२ धावा देऊन एक बळी घेतला. ‘एकच बळी?’ असा सूर आमच्यातही उमटला होता. पण त्या सामन्यात बळी मोजायचेच नव्हते. मोजायची होती ती अठरा षटके, आणि ती टाकून झाल्यावर दुसऱ्या दिवशी तो मैदानावर कसा चालतो ते. इंग्लंडने त्याला बर्मिंगहॅमच्या कसोटीत खेळवले नाही. लॉर्ड्सवर उतरवले आणि तिथे त्याने तिसऱ्याच चेंडूवर यशस्वी जयस्वालला बाद केले. त्या कसोटीत त्याने ३९.२ षटके टाकली आणि पाच बळी घेतले. पुढे मँचेस्टरलाही तो खेळला, ओव्हलला मात्र विश्रांती. आम्हाला यंदाच्या उन्हाळ्यातले इंग्लंडचे सर्वांत शहाणपणाचे काम हेच वाटते.

आमच्यात एक निवृत्त अस्थितज्ज्ञ आहेत. ते सांगतात, दमसास आणि स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, हाडाला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणूनच दुखापतीतून उठलेला वेगवान गोलंदाज ‘मी एकदम ठीक आहे’ म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. त्याला खरेच ठीक वाटत असते, पण पाठीच्या मणक्याला तसे वाटत नसते. हे ऐकल्यापासून आम्ही धावफलक वेगळ्या नजरेने वाचू लागलो आहोत. एकूण षटकांपेक्षा ती किती स्पेलमध्ये टाकली, चहापानानंतर कर्णधाराने त्याच गोलंदाजाला पुन्हा बोलावले का, आणि पुढच्या सामन्यात त्याचे नाव आहे का, एवढे पाहिले तरी पुष्कळ उलगडते. वूडच्या बाबतीत यातले काहीच पाहायला मिळालेले नाही. आमचा आक्षेप तेवढाच आहे. त्याच्या वेगाबद्दल शंका नाही, पण सरावात टाकलेला चेंडू आणि सामन्याच्या तिसऱ्या संध्याकाळी थकल्या पायांनी टाकलेला चेंडू गुडघ्याला सारखा नसतो.

गुडघ्याचा विषय निघाला की इंदूरकरांना गप्प बसवत नाही, आणि त्याला कारण आहे. दुसऱ्या महायुद्धात मिडलसेक्सचा डेनिस कॉम्प्टन महूला लष्करी नोकरीत होता आणि आपल्या होळकर संघाकडून खेळला. मार्च १९४५ मध्ये ब्रेबोर्नवर मुंबईविरुद्ध रणजीचा अंतिम सामना झाला. सी. के. नायडू कर्णधार होते. मुश्ताक अलींनी दोन्ही डावांत शतके काढली. ८६७ धावांचे अशक्य लक्ष्य समोर असताना कॉम्प्टन नाबाद २४९ वर उभा राहिला. सामना होळकरांनी गमावला, पण ती खेळी आपल्या आजोबांच्या पिढीने आयुष्यभर सांगितली. त्याच कॉम्प्टनने १९४७ च्या हंगामात ३,८१६ धावा आणि १८ शतके केली. त्याचा उजवा गुडघा मात्र युद्धापूर्वीच फुटबॉल खेळताना दुखावलेला होता. तो पुढे इतका बिघडला की नोव्हेंबर १९५५ मध्ये गुडघ्याची वाटीच काढावी लागली. इंग्लंडमध्ये त्याच्या गुडघ्याची चर्चा सुरू झाली ती वर्तमानपत्रांतून थांबेचना. १९५६ मध्ये तो आधी मिडलसेक्सकडून खेळला, मग ऑस्ट्रेलियाविरुद्ध ओव्हलवर उतरला आणि ९४ धावा केल्या. तेव्हाही आधी काउंटी आणि मग कसोटी असाच क्रम होता.

बडोद्याच्या मंडळींना झहीर खानचे उदाहरण सांगायला नको. श्रीरामपूरचा हा मुलगा बडोद्याकडून नावारूपाला आला. २००६ च्या सुमारास भारतीय संघातून बाहेर पडला, तेव्हा त्याचा फॉर्म आणि फिटनेस या दोन्हींवर बोट ठेवले जात होते. तो वूस्टरशायरला गेला आणि एका हंगामात ७८ बळी घेऊन परतला. एसेक्सविरुद्ध तर एकाच डावात नऊ. आमच्या मते ७८ या आकड्यापेक्षा मोठी गोष्ट ही, की तो आठवड्यामागून आठवडे गोलंदाजी करत राहिला आणि मोडला नाही. त्याचे फळ २००७ मध्ये ट्रेंट ब्रिजला मिळाले. त्या कसोटीत त्याचे नऊ बळी होते आणि भारताने ती मालिकाही जिंकली.

मग यंदाचा सिराज–बुमराह वाद येतोच. हैदराबादच्या सिराजने पाचही कसोटी खेळून १८५.३ षटके टाकली, २३ बळी घेतले आणि ओव्हलवर सहा धावांनी सामना काढून दिला. बुमराह ठरल्याप्रमाणे तीनच खेळला. ‘एकाला जमते तर दुसऱ्याचे लाड कशाला?’ हा प्रश्न आमच्या बैठकीत इतक्यांदा आला की शेवटी चहाचे कप वाजवून विषय बंद करावा लागला. पण ज्याच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली आहे आणि जो जानेवारीत सिडनीला पुन्हा पाठ धरून मैदानाबाहेर गेला, त्याला सिराजचे माप लावता येत नाही. सिराजची पाठ हे सिराजचे भाग्य. बुमराहला तीन सामन्यांत रोखले, ही त्याच्या पुढच्या तीन वर्षांची बेगमी आहे.

‘पूर्वी ट्रूमन एका हंगामात हजारावर षटके टाकायचा’ असे ज्येष्ठ म्हणतात. खरे आहे, १९६० मध्ये त्याने टाकली होती. पण तेव्हा अशा ओझ्याखाली मोडलेल्या पोरांची नोंद कोण ठेवत होते? या सप्टेंबरात काउंटी अजिंक्यपदाचे सामने १४ वरून कमी करायचे का, यावर निर्णय झाला. खेळाडूंच्या संघटनेला ते कमी हवे होते, काउंटींनी १४ च ठेवले. आम्हाला स्वतःला १४ जास्त वाटत नाहीत. जाचक आहे ती त्यांची मांडणी. वसंतात सामन्यांवर सामने, मग टी-ट्वेंटी आणि हंड्रेडसाठी मोठी खिंड, आणि सप्टेंबरात पुन्हा घाई. हाडाला असा हिसका सोसत नाही.

हे सगळे आम्ही इतके लावून धरतो, याला घरचेही कारण आहे. गेल्या थंडीत आमच्यातल्याच एका कुटुंबातल्या सोळा वर्षांच्या मुलाच्या पाठीत स्ट्रेस फ्रॅक्चर निघाले. सकाळी शाळेचा सामना, संध्याकाळी अकादमीत नेट, रविवारी क्लब. तिन्ही ठिकाणी तो सर्वांत वेगवान, म्हणून तिन्ही ठिकाणी नवा चेंडू त्याच्याच हातात. एकूण षटके किती झाली हे कोणालाच ठाऊक नव्हते, कारण प्रत्येकाला आपल्यापुरतीच माहीत होती. पाठ दुखते म्हटल्यावर एक्स-रे काढला, त्यात काही आले नाही आणि तो आणखी महिनाभर खेळत राहिला. एमआरआयमध्ये चीर दिसली. आपल्यातल्या कितीतरी घरांत असे एखादे पोर आहे, आणि आपणही टाळ्या वाजवून ‘आणखी एक षटक दे रे’ म्हणत आलो आहोत. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने मुलांसाठी वयानुसार एका स्पेलमध्ये आणि एका दिवसात किती षटके टाकायची, याची मर्यादा घालून दिली आहे. आपल्या आंतरमंडळ स्पर्धेत ती पुढच्या वेळी लावावी, असे आम्ही कार्यकारिणीला लिहून दिले आहे.

मुलगा आता बरा आहे. दसऱ्यानंतर त्याने पुन्हा हळूहळू चेंडू टाकायला सुरुवात केली, तोही आधी निम्म्या रनअपने. कोणत्या दिवशी किती चेंडू टाकले हे त्याची आई स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिते. पर्थची कसोटी आपल्याकडे सकाळी आठच्या आत सुरू होईल. ती पाहायला तो आमच्यात येणार आहे, आणि वूडचे स्पेल मोजायचे काम त्याने आतापासूनच मागून घेतले आहे.