कोपीतलं मूल कोणाच्या पटावर?



दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या राज्यात एक मोठं स्थलांतर सुरू होतं. बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिव, परभणी या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात. ट्रॅक्टर-ट्रकमध्ये भांडीकुंडी, धान्याची पोती, शेळ्या आणि लेकरं. कोणी सांगली-कोल्हापूरला जातं, कोणी सातारा, पुणे, सोलापूरला, तर कोणी थेट कर्नाटकात. पुढचे पाच-सहा महिने ही माणसं कारखान्याच्या तळावर नाहीतर फडाजवळच्या रानात कोपी करून राहतात. कोपी म्हणजे काय, तर बांबू वाकवून केलेला सांगाडा, त्यावर पाचट किंवा चटई आणि वरून प्लास्टिकचा कागद. कडी-कुलूप लावावं असं दार तिला नसतं. बऱ्याच तळांवर लाईट नाही, संडास नाही, पाण्याला लांब जावं लागतं.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या शाळेजवळ दरवर्षी असा तळ पडतो, आणि दरवर्षी तोच प्रश्न निघतो : "ही मुलं पटावर घ्यायची का? पट्टा पडला की जाणारच ना ती!" हा प्रश्न विचारणारे वाईट नसतात. त्यांना हजेरी, चाचण्या, ऑनलाईन माहिती सगळं भरायचं असतं. तरीही मला वाटतं की आपण प्रश्नच चुकीचा विचारतोय. मूल किती दिवस टिकेल हे नंतर बघू. आज दिवसभर ते कोणाच्या नजरेखाली आहे, हे आधी विचारायला हवं.

कायद्यात शंकेला जागा नाही

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ आपण सगळ्यांनीच वाचलेला आहे. स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना प्रवेश मिळेल हे बघणं, ही त्यातल्या कलम ९ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे. कलम ५ सांगतं की दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणूनही अडवता येत नाही. कलम ४ मुळे मूल वयाप्रमाणे वर्गात बसतं. मूळ शाळेनं शिक्षण हमी कार्ड दिलं असेल तर काम सोपं होतं. नसेल तरी "आधी कागद आणा" म्हणून लेकराला परत पाठवायचा अधिकार आपल्याला नाही.

मग मूल येत का नाही?

कारण घरची व्यवस्था त्याच्यावर उभी असते. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फेडायची असते टनावर. खाडा झाला की पैसे कापले जातात. त्यामुळे पहाटे अंधारातच दोघं फडात जातात. कोपीत उरतं तान्हं बाळ, आणि त्याला सांभाळायला नऊ-दहा वर्षांची ताई. पाणी भरायचं, भाकरी थापायची, बाळाला झोपवायचं. आपण हजेरीपत्रकावर तिला "गैरहजर" लिहितो. खरं म्हणजे ती त्या तळावरचं पाळणाघर चालवत असते, तेही एकटी.

या वयाच्या मुलांना कोपीत काय काय धोके असतात ते सांगायला तज्ज्ञ नको. उघडी चूल आणि वर पाचट. रानातले साप-विंचू. उसाच्या गाड्यांची ये-जा. आणि जिथं दाराला कडी नाही तिथं एकट्या मुलीला वाटणारी भीती. म्हणून मुलगी जरा मोठी झाली की आईबापापुढं पेच पडतो. गावी ठेवावी तर आजी-आजोबा थकलेले, सोबत न्यावी तर कोपीत एकटी. त्यातून घाईघाईनं लग्न उरकलं जातं. वर नवी जोडी म्हणजे नवा कोयता, नवी उचल. बालविवाहावर आपण शाळेत भाषणं ठेवतो, घोषणा देतो. पण ज्या घरात मुलीला ठेवायला सुरक्षित जागाच नाही, तिथं नुसत्या घोषणेनं काय होणार?

वसतिगृह हवं की तळाजवळची शाळा?

काहीजण म्हणतात, मुलांना आणूच नये, गावीच ठेवावं. माझंही पहिलं मत तेच आहे. मूल आपल्या गावात, आपल्या शाळेत, आपल्या बाईंपाशी राहिलं तर त्यासारखं काही नाही. त्यासाठी हंगामी वसतिगृहं आहेत. पाचवीपासून पुढच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे. ४१ तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक, अशी ८२ वसतिगृहं तिच्यात ठरली. ही सोय जिथं नीट चालते तिथं पालक विश्वासानं मूल ठेवतात. पण ती टोळ्या निघायच्या आधी सुरू व्हायला पाहिजे. गाडी निघून गेल्यावर वसतिगृह उघडलं तर त्याचा उपयोग कोणाला?

आणि वसतिगृह कितीही चांगलं असलं तरी पाच-सहा वर्षांचं लेकरू आईपासून सहा महिने लांब ठेवायला कुठली आई तयार होईल? आपण तरी ठेवू का? म्हणजे लहान मुलं तळावर येणारच. कर्नाटकात गेलेल्यांपुढं तर भाषेचीही भिंत असते. तेव्हा मोठ्यांसाठी गावी वसतिगृह, लहानांसाठी तळाजवळ शाळा, अंगणवाडी आणि पाळणाघर, असं दोन्ही लागेल. एकाकडं बोट दाखवून दुसऱ्यातून सुटका करून घेणं बरोबर नाही.

आपण काय करायचं?

"आम्ही शिकवायचं का पोलिसगिरी करायची?" असं एक सर मला म्हणाले होते. त्यांचा वैताग मला समजतो. पण कोणी पोलिसगिरी करा म्हणत नाहीये. तळावरच्या मुलाला रोज भेटणारा सरकारी माणूस बहुतेक वेळा शिक्षकच असतो. आपल्याकडं बालरक्षक ही कल्पना आहेच. तिचा अर्थ सर्वेक्षणाचा तक्ता भरण्यापुरता नसावा.

तळ पडला की पहिल्याच आठवड्यात तिथं जाऊन यावं, तेही संध्याकाळी, आईबाप परतल्यावर. मुलाचं नाव, वय, मूळ शाळा लिहून घ्यावी आणि तिथल्या गुरुजींना सरळ फोन लावावा. दहा मिनिटांच्या बोलण्यात मूल कुठवर शिकलंय ते कळतं. ताईला शाळेत आणायचं तर धाकट्याची सोय आधी बघावी लागते. अंगणवाडी सेविकेला सोबत घेतलं तर तीनच्या पुढचं भावंड तिकडं बसू शकतं. तान्ह्या बाळाचं काय, हा प्रश्न मात्र शिक्षकानं सुटणारा नाही. तिथं कारखान्यानंच पाळणाघर द्यायला हवं. शाळा व्यवस्थापन समितीनं ठराव करून तसं लेखी मागावं. सोबत तळावर लाईट, पाणी आणि बायकांसाठी संडासही मागावेत.

चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर मुलांना तोंडपाठ असू द्या. बालविवाहाची कुणकुण लागली तर ग्रामसेवकाला कळवा, गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तेच असतात. आणि एखाद्या मुलानं लैंगिक त्रासाबद्दल सांगितलं तर ते पोटात ठेवायचं नसतं. पोक्सो कायदा, २०१२ प्रमाणे पोलिसांना कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे. मुलाला दहा वेळा तेच तेच विचारू नये, चारचौघांत तर मुळीच नाही.

शेवटचं पालकांसाठी. तुमच्या मुलाच्या बाकावर तळावरचं मूल बसलं तर "त्यांच्यात मिसळू नको" असं घरी म्हणू नका. लेकरं हे शब्द शाळेत घेऊन येतात, आणि ऐकणारं मूल दुसऱ्या दिवसापासून येत नाही. आपल्या चहात पडणारी साखर ज्या हातांनी तोडलेल्या उसाची आहे, त्या हातांची ही लेकरं आहेत. चार महिने का होईना, ती आपल्या गावची आहेत.

यंदा तळ पडेल तेव्हा "किती दिवस राहणार?" हे त्यांना विचारू नका. नाव विचारा आणि हजेरीत लिहा. तुमच्या शाळेत यासाठी काही वेगळं करत असाल तर जरूर कळवा, आम्हालाही करून बघता येईल.