गाठ अंगठ्याजवळ, मग दुखतो चवडा का? समजून घ्या

सोलापूर : अक्कलकोट रोड एमआयडीसीतला यंत्रमाग कामगार खुर्चीत बसून काम करत नाही. पाळी संपेपर्यंत तो मागांमधल्या अरुंद वाटेत उभा तरी असतो किंवा फेऱ्या तरी मारत असतो. पायाखाली कडक फरशी असते आणि पायात अनेकदा पातळ रबरी स्लिपर. अशा पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलेले असेल, तर ‘वयामुळे होते’ म्हणून सोडून दिले जाते. पण पुढे दुखू लागतो तो चवडा.

या गाठीला डॉक्टर ‘बनियन’ म्हणतात. (कापडाच्या शहरात हा शब्द ऐकून भलतेच डोळ्यांसमोर येते, हे मान्य!) शास्त्रीय नाव हॅलक्स व्हॅल्गस. अंगठा शेजारच्या बोटाकडे झुकतो, त्याच्या मागचे लांब हाड उलट दिशेला सरकते आणि सांधा बाहेर डोकावतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय आढाव्यानुसार १८ ते ६५ वयोगटात सुमारे २३ टक्के, तर ६५ वर्षांवरील सुमारे ३६ टक्के लोकांमध्ये ती आढळते. महिलांमध्ये प्रमाण जास्त आहे.

भार सरकतो कुठे?

चालताना पाऊल पुढे ढकलण्याचे मुख्य काम अंगठ्याचे. तो तिरका झाला की त्याचा भार दुसऱ्या-तिसऱ्या बोटांच्या मुळाशी असलेल्या हाडांवर जातो. ही हाडे तुलनेने बारीक असतात. तिथली कातडी जाड होऊन घट्टा पडतो आणि दिवस संपताना चपलेत खडा अडकल्यासारखे वाटते. म्हणूनच गाठ किती मोठी, यावरून दुखणे किती हे नेहमी ठरत नाही. भार कुठे पडतो, ते जास्त महत्त्वाचे.

हा धोका काहींना जास्त असतो. दुसऱ्या बोटामागचे हाड जन्मतःच लांब असणे, पोटरीचे स्नायू आखडलेले असणे, वाढलेले वजन, आमवात, दुसरे बोट वाकून अंगठ्यावर चढणे ही त्याची कारणे. आई किंवा आजीला गाठ असेल तर आपल्यालाही होण्याची शक्यता वाढते. हाडांची ठेवण बदलता येत नाही, पण चप्पल आणि उभे राहण्याचे तास बदलता येतात. खरे तर मागाजवळ जाड रबरी मॅट टाकायला मोठा खर्च येत नाही. कामगाराच्या पायाचा विचार कारखानदाराच्या हिशेबात सहसा नसतो, एवढेच.

पादत्राणांचा वाटा किती? हाँगकाँगमध्ये १९५८ साली झालेल्या पाहणीत बूट वापरणाऱ्यांपैकी ३३ टक्के लोकांना, तर अनवाणी राहणाऱ्यांपैकी अवघ्या १.९ टक्के लोकांना ही विकृती आढळली. याचा अर्थ चप्पल टाकून द्या असा नाही. आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर चालणाऱ्या वारकऱ्याला तर चवड्याखाली मऊ आधार हवाच.

मधुमेहींची गोष्ट उलटी आहे. त्यांच्या पायाची संवेदना कमी झालेली असेल, तर चवडा दुखतच नाही आणि घट्ट्याखाली जखम वाढत जाते. अशांनी घरी ब्लेडने कुरूप कापणे म्हणजे थेट धोका. लाली, सूज, पाणी किंवा रंग बदललेला दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

बोटांमध्ये ठेवायचे सिलिकॉनचे तुकडे ऑनलाइन भरपूर मिळतात. त्यांनी घासणे कमी होते, हाड सरळ होत नाही. पोटरीचे ताण, चवड्याच्या थोडे मागे बसणारी गादी आणि पुढून रुंद बूट यांनी अनेकांना आराम पडतो. शस्त्रक्रियेचा विचार त्यानंतर, आणि तोही दुखण्यासाठी, दिसण्यासाठी नाही.

पादत्राण अरुंद आहे का, हे घरीच कळते. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, कागदावर उभे राहून पावलाभोवती पेन्सिल फिरवा. त्या आकृतीवर आपला बूट किंवा चप्पल ठेवा. रेघ बाहेर राहिली, तर तेवढी बोटे रोज आत दाबली जात आहेत.