सबर कर, असं सांगण्याआधी

अब्बा गेले त्याला आता सहा वर्षं झाली. जियारत झाली, चाळीसवा झाला. घरात माणसांची रीघ होती. येणारा प्रत्येक जण अम्मीच्या समोर बसायचा, दोन मिनिटं गप्प राहायचा आणि उठताना एकच वाक्य म्हणायचा, "सबर कर." अम्मी मान हलवायची. चार महिने दहा दिवसांची इद्दतही संपली. आता हळूहळू सावरेल, असं आम्हा सगळ्यांना वाटलं.

झालं उलटंच. इद्दत संपली, माणसं यायची थांबली आणि अम्मी खचत गेली. जेवण जाईना. पाय वळतात, डोकं जड झालंय, छातीत धडधडतं, अशा तक्रारी सुरू झाल्या. मी तिला एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात फिरवलं. साखर, थायरॉईड, पाठीचा एक्स-रे, छातीची पट्टी, सगळं झालं. रिपोर्ट नॉर्मल! प्रत्येक नॉर्मल रिपोर्टनंतर आमचा धीर वाढायचा आणि अम्मीचा कमी व्हायचा. आपलं दुखणं खोटं ठरतंय, असं तिला वाटत असावं.

एके दिवशी कामावरून दमून आलो होतो. अम्मीने पुन्हा पायाचं काढलं. मी चिडून म्हणालो, "अम्मी, अल्लाहचं शुकर कर. डोक्यावर छप्पर आहे, मुलं जवळ आहेत, नातवंडं आहेत. कित्येकांकडे एवढंही नाही." ती "हो रे बाबा, खरंय" म्हणाली आणि आत गेली. त्या दिवसापासून तिच्या तक्रारी बंद झाल्या. माझ्या बोलण्याचा परिणाम झाला म्हणून मी खूश होतो. बायकोलाही तसं बोलून दाखवलं.

पंधरा-वीस दिवसांनी माझी मुलगी सहज म्हणाली, "दादी रात्री झोपतच नाही. बसून असते आणि दुवा मागते, अल्लाह मला आता उचल." मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती आणि दादीजवळ झोपायची. जे मला कळायला हवं होतं, ते तिला कळलं होतं. अम्मीची तक्रार थांबली नव्हती. तिने फक्त ती मला सांगायची थांबवली होती.

हे मी आज लिहितोय, कारण आनंदी कसं राहावं यावर हल्ली जो तो बोलतो. सकाळी उठलं की मोबाइलवर फुलांच्या चित्रासोबत 'हसत राहा' असा संदेश येऊन पडलेला असतो. भाषणं देणारे सांगतात, आनंद ही आपली निवड आहे. बाजार सांगतो, नवी गाडी घ्या, आनंद घरी आणा. आणि आपल्याकडचे काही भले लोक सांगतात, ज्याचा ईमान पक्का त्याला नैराश्य येतच नाही. तिघांची भाषा वेगळी, पण ऐकणाऱ्याला ऐकू येतं ते एकच: तू दुःखी आहेस म्हणजे तुझंच काहीतरी चुकलंय. मग माणूस दोनदा दुःखी होतो. एकदा दुःखाने आणि एकदा दुःखी असल्याच्या शरमेने.

यातली ईमानाची गोष्ट मला जास्त लागते, कारण ती आमच्या घरातच बोलली गेली. आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला सुचवलं तेव्हा नात्यातले एक बुजुर्ग म्हणाले, "पाच वेळची नमाजी बाई, तिला कसलं डिप्रेशन?" दुसऱ्यांनी विचारलं, "आता काय येरवड्याला नेणार का?" आपल्याकडे येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी या गावांची नावं तिथल्या मनोरुग्णालयांमुळे चेष्टेचा विषय झाली आहेत. त्या चेष्टेच्या भीतीने किती लोक घरात कुढत बसले असतील, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

पण ज्या धर्माच्या नावाने हे बोललं जातं, त्यात दुःखाला बंदी आहे का? हजरत याकूब पैगंबर होते. मुलगा यूसुफ हरवल्याच्या दुःखात रडून त्यांच्या डोळ्यांची नजर गेली. ही कहाणी कुरआनातच आहे. त्यांचा ईमान कच्चा होता, असं कुणी म्हणेल का? मुहंमद पैगंबरांचा तान्हा मुलगा इब्राहीम गेला तेव्हा त्यांच्याही डोळ्यांतून पाणी आलं. ज्या वर्षी बीबी खदीजा आणि चुलते अबू तालिब दोघंही गेले, ते वर्ष इतिहासात 'दुःखाचं वर्ष' म्हणूनच ओळखलं जातं. तेव्हा सबर म्हणजे न रडणं नव्हे. दुःख सोसत रोजचा दिवस पार पाडत राहणं, हा सबर. तो ज्याचा त्याने करायचा असतो. दुसऱ्याला तो फर्मावला की त्याचा अर्थ 'गप्प बस' एवढाच उरतो. शुकरचंही तसंच आहे.

आणखी एक गोष्ट मला पुढे वाचनात सापडली. ती आधी माहीत असती तर त्या बुजुर्गांना सांगितली असती. अबू जैद अल-बल्खी नावाचे एक विद्वान नवव्या-दहाव्या शतकात होऊन गेले. 934 मध्ये ते वारले. शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर त्यांनी ग्रंथ लिहिला. त्यात राग, भीती, दुःख आणि मनात घर करून बसणारे विचार यांवर स्वतंत्र विवेचन आहे. दुःखाचे ते दोन प्रकार सांगतात. एकाचं कारण माहीत असतं, म्हणजे कुणी गेलं, काही हरवलं. दुसऱ्याचं कारण सापडत नाही, त्याचं मूळ शरीरात असतं आणि त्यावर शरीराचे उपचार करावे लागतात. त्या काळचं शरीरशास्त्र आज जुनं झालं, पण दृष्टी पाहा. हजार वर्षांपूर्वीचा मुसलमान विद्वान मनाच्या दुखण्याला दुखणं म्हणतोय आणि आपण आज त्याला ईमानाची उणीव म्हणतोय. ते असंही सांगतात, की आपण निरोगी असताना घरात औषधं भरून ठेवतो, तसे मन शांत असताना चांगले विचार साठवून ठेवावेत, म्हणजे अडचणीच्या वेळी हाताशी येतात.

शेवटी आम्ही गेलो. मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी अम्मीशी अर्धा-पाऊण तास बोलणं केलं. मला बाहेर बसवलं. गोळ्या दिल्या आणि मला बजावून सांगितलं, "गुण यायला काही आठवडे लागतील, आठ दिवसांत फरक नाही म्हणून बंद करू नका. आणि बरं वाटलं तरी मला विचारल्याशिवाय थांबवू नका." रक्तदाबाच्या गोळीइतकाच साधा तो व्यवहार होता. आम्ही सहा महिने उगाच घाबरलो होतो. असे घाबरणारे आम्ही एकटे नाही. निमहान्स या संस्थेने 2015-16 मध्ये देशभर पाहणी केली होती. तिच्यानुसार साधारण दहापैकी एका प्रौढाला कुठला ना कुठला मानसिक आजार होता आणि वेगवेगळ्या आजारांत 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नव्हते.

पण अम्मी फक्त गोळ्यांनी सावरली असं सांगितलं तर तेही अर्धंच होईल. शेजारच्या काकू पूर्वीपासून दुपारी भाजी निवडायला आमच्या ओट्यावर येऊन बसायच्या. अम्मीही तांदळाचं सूप घेऊन बसायची. इद्दतीत ते बसणं मोडलं होतं. नंतर अम्मीच बाहेर येईना, म्हणून काकूंनी येणं सोडलं. आता त्या पुन्हा येऊ लागल्या आणि सरळ आत येऊन अम्मीजवळ बसू लागल्या. त्यांनी कधी 'सबर करा' म्हटलं नाही. त्या विचारायच्या, "भाईंना मेथी आवडायची की शेपू?" अम्मी सांगायची. मग अब्बांच्या गोष्टी निघायच्या. आम्ही मुलं अब्बांचा विषय टाळायचो, कारण अम्मी रडेल. काकू तो विषय काढायच्या आणि अम्मीला रडू द्यायच्या. रडून झालं की दोघी उरलेली मेथी निवडायच्या. महिन्या-दोन महिन्यांनी त्या पुन्हा ओट्यावर दिसू लागल्या.

मनाचं स्वास्थ्य म्हणजे काय, हे मला त्या मेथीच्या जुडीकडे पाहून थोडंफार कळलं. हातांना काम, सोबतीला माणूस आणि खोटं न बोलण्याची मुभा, इतकंच. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाने 1938 मध्ये 724 मुलांचा आणि तरुणांचा अभ्यास सुरू केला. त्यात विद्यापीठातले विद्यार्थी होते, तशी बोस्टनच्या गरीब वस्त्यांतली मुलंही होती. तो अभ्यास अजून चालू आहे. इतक्या वर्षांत त्यातून ठळकपणे पुढे आलेली गोष्ट अशी, की म्हातारपणी निरोगी आणि समाधानी राहण्यात जवळच्या माणसांशी असलेल्या चांगल्या नात्यांचा वाटा फार मोठा असतो. 2025 च्या जागतिक आनंद अहवालात एक अख्खं प्रकरण सोबत जेवण्यावर आहे. जे लोक इतरांबरोबर जास्त वेळा जेवतात, ते आयुष्याबद्दल जास्त समाधानी असल्याचं सांगतात. आपल्याला हे ऐकून गंमत वाटते, कारण एका दस्तरखानावर बसून जेवणं ही आपलीच जुनी रीत.

पण थांबा, लगेच अभिमान बाळगू नका. त्या दस्तरखानावर कोण बसतं? आपल्या कित्येक घरांत पुरुष आणि पाहुणे बसतात, मग मुलं बसतात. ज्या बाईने स्वयंपाक केला ती शेवटी, उरलेलं, उभ्या-उभ्या खाते. अम्मी चाळीस वर्षं तशीच जेवली. अब्बांना वाढून झाल्यावर त्यांच्यासमोर बसून ती चार घास खायची. अब्बा गेल्यावर तेवढी सोबतही गेली आणि 'जेवण जात नाही' ही तक्रार तिथून सुरू झाली. आता आमच्याकडे भाकऱ्या आधी करून ठेवतात आणि रात्री सगळे एकदम बसतात. मोबाइल दुसऱ्या खोलीत. भाकरी थोडी गार होते, चालतं.

रोजच्या आनंदासाठी मी याहून मोठं काही सांगू शकत नाही. फजरनंतर अर्धा तास उन्हात चालणं. झोपेची वेळ पाळणं. आठवड्यातून एकदा बहिणीला फोन करून फक्त तिचं ऐकणं. जुम्म्याला मशिदीतून निघताना चपला शोधण्याच्या गडबडीत न पळता एखाद्या एकट्या माणसाजवळ दोन मिनिटं थांबणं. या गोष्टींना पैसे लागत नाहीत, पण त्या आपोआपही होत नाहीत.

हेही मान्य करायला हवं, की सगळं दुःख मनातलं नसतं. ज्याला नावामुळे भाड्याचं घर नाकारलं जातं, ज्याची डिग्री घेऊन चार वर्षं नोकरी नाही, ज्या शेतकऱ्याचं पीक पाण्यात गेलं, त्याला 'सकारात्मक विचार करा' सांगणं ही थट्टा आहे. तिथे हक्क, रोजगार आणि न्यायच हवा. पण ती लढाई लढणाऱ्या माणसालाही संध्याकाळी घरी आल्यावर 'आज कसं गेलं?' असं विचारणारं कुणीतरी लागतंच. विशेषतः पुरुषांना. आम्हा पुरुषांना चहाच्या टपरीवर राजकारण, क्रिकेट, भावकीचे वाद सगळं बोलता येतं. फक्त 'मला झोप लागत नाही' हे चार शब्द तोंडातून निघत नाहीत. समोरचाही 'टेन्शन घेऊ नको' म्हणून मोकळा होतो.

म्हणून माझी विनंती एवढीच. घरात कुणी दुःखाचं बोललं, तर सबर आणि शुकर हे शब्द थोडा वेळ स्वतःजवळच ठेवा. आधी विचारा, "कधीपासून वाटतंय असं?" आणि उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलू नका. झोप, भूक आणि कामातला रस दोन आठवड्यांहून जास्त काळ हरवला असेल, तर डॉक्टरांकडे घेऊन जा. कुणी मरणाची भाषा बोलत असेल, तर दोन आठवडेही थांबू नका. त्या माणसाला एकटं सोडू नका आणि लगेच मदत घ्या. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. 14416 हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक 2022 पासून सुरू आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं. दुवा जरूर करा. पण दुवा करता म्हणून दवा टाळू नका.

अम्मी आज बहात्तर वर्षांची आहे. कधी कधी अजूनही म्हणते, "आज मन लागत नाही." पूर्वी हे ऐकलं की मी लगेच तिला समजवायला जायचो. आता जवळ बसतो आणि अब्बांचं काहीतरी विचारतो. परवा तिने सांगितलं, की लग्नानंतर पहिल्या वर्षी अब्बांनी चहात साखरेऐवजी मीठ टाकून तिला दिला होता आणि तिने भीतीपोटी तो पूर्ण पिऊन टाकला होता. सांगता सांगता ती हसली, मग डोळे पुसले, मग म्हणाली, "जा, काकूंना हाक मार. चार वाजले."