धूसर पार्श्वभूमी म्हणजे सिनेमा नव्हे

१/
पार्श्वभूमी धूसर झाली की चित्रण ‘सिनेमॅटिक’ होते, ही समजूत आज लघुपट करू पाहणाऱ्या प्रत्येक तरुणाच्या गळी उतरवली जाते. लेन्स एफ/१.४ ची हवी, जमल्यास एफ/१.२ ची, त्यासाठी हप्त्यांवर कर्ज काढले तरी बिघडत नाही, असा सल्ला सर्रास मिळतो. वर त्याला सिनेमाच्या इतिहासाची साक्षही काढली जाते. तो इतिहास मात्र बराचसा उलट साक्ष देतो.

२/
१९४१. ऑर्सन वेल्सचा ‘सिटिझन केन’, छायालेखक ग्रेग टोलंड. आई मुलाचा ताबा बँकवाल्याकडे सोपवणाऱ्या कागदांवर सही करते आहे, बाप मधे उभा राहून कुरकुरतो आहे आणि दूर, खिडकीबाहेर, बर्फात तो मुलगा खेळतो आहे. आपले काय ठरते आहे याची त्याला गंधवार्ता नाही. ही खिडकी धूसर केली, तर या प्रसंगात उरते काय?

३/
ती स्पष्ट ठेवण्यासाठी टोलंडने रुंद कोनाच्या लेन्स घेतल्या, ॲपर्चर एफ/८ आणि त्याहूनही बारीक केले, आणि त्यामुळे घटलेला प्रकाश प्रखर आर्क दिव्यांनी व अधिक संवेदनशील फिल्मने भरून काढला. तरीही काही ठिकाणी लेन्स अपुरी पडलीच. सुझनच्या आत्महत्येच्या प्रयत्नाच्या दृश्यात जवळचा पेला आणि मागचे दार एकाच फिल्मवर दोनदा, वेगवेगळे चित्रित केले आहेत. मागचे स्पष्ट दिसावे म्हणून एवढा खटाटोप! आज त्याच मागच्याला पुसून टाकण्यासाठी पैसे मोजले जातात.

४/
यावर ठरलेले उत्तर येते: “मग कुब्रिकचे काय?” ‘बॅरी लिंडन’ (१९७५) साठी स्टॅनली कुब्रिकने नासाकरिता घडवलेली झाइसची ५० मिमी एफ/०.७ लेन्स वापरली, हे खरे. पण कशासाठी? अठराव्या शतकातील दालने केवळ मेणबत्त्यांच्या उजेडात चित्रित करायची होती. प्रकाशाची गरज होती. धूसरपणा ही त्या गरजेची किंमत होती.

५/
आणि किंमत जबर होती. नट किंचित पुढे झुकला तरी चेहरा फोकसमधून निसटे. अंतर अचूक कळावे म्हणून बाजूला वेगळा व्हिडिओ कॅमेरा लावावा लागला. नटांच्या हालचालींना वेसणच घातली गेली. त्याच चित्रपटात दिवसाउजेडी कुब्रिक सावकाश मागे सरकणारी झूम लेन्स वापरतो आणि माणूस त्या विस्तीर्ण निसर्गात ठिपक्याएवढा होतो. ‘बॅरी लिंडन’चा दाखला देणाऱ्यांना ही अर्धी बाजू सोयीस्करपणे आठवत नाही.

६/
ॲनामॉर्फिकची गंमत तर याहून मोठी. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ आंरी क्रेतियाँ याने १९२० च्या दशकात घडवलेली ही लेन्स रुंद दृश्य दाबून साध्या ३५ मिमी फिल्मवर बसवते. टेलिव्हिजनने प्रेक्षक घरी बसवला, तेव्हा फॉक्स कंपनीने तिच्या आधारे सिनेमास्कोप आणला. पहिला चित्रपट ‘द रोब’, १९५३. जवळच्या दृश्यात नटनट्यांचे चेहरे फुगत. हॉलिवूडने या विकाराला चक्क ‘गालगुंड’ म्हटले! तो बरा करूनच पॅनाव्हिजन कंपनी पुढे आली. तिथे दोष काढण्यावर धंदे उभे राहिले. आज त्याच जातीच्या लेन्सचे अंडाकृती दिवे आणि निळ्या तिरपी ‘सिनेमाचा स्पर्श’ म्हणून विकल्या जातात.

७/
भारतातील पहिला सिनेमास्कोप चित्रपट म्हणजे गुरुदत्त यांचा ‘कागज़ के फूल’ (१९५९). नवी, महागडी लेन्स होती. तरी लोकांच्या स्मरणात राहिला तो स्टुडिओच्या अंधारात तिरपा उतरणारा प्रकाशाचा झोत. तो व्ही. के. मूर्ती यांनी उन्हाला आरशांवरून वळवून आत आणला होता. आरशांवरून!

८/
जपानच्या ओझूने तर उत्तरकाळातील चित्रपट जवळजवळ एकाच ५० मिमी लेन्सवर काढले.

९/
मग ही समजूत आली कुठून? हँडीकॅमच्या इवल्याशा सेन्सरवर सगळेच स्पष्ट दिसे. त्यामुळे ‘सगळे स्पष्ट’ म्हणजे लग्नाची कॅसेट, अशी खूणगाठ बसली. २००८ मध्ये कॅननचा ५डी मार्क २ आला. ३६ × २४ मिमीच्या सेन्सरवर व्हिडिओ घेता येऊ लागला आणि पार्श्वभूमी विरघळताच लोकांना सिनेमा दिसला. प्रत्यक्षात सिनेमाची जुनी ३५ मिमी चौकट साधारण २२ × १६ मिमी, म्हणजे त्याहून बरीच लहान. फुल फ्रेमवर एफ/१.४ ला जेवढे धूसर होते, तेवढे जुन्या छायालेखकांना, कुब्रिकसारखा अपवाद वगळता, साधणेही कठीण होते. ज्याला वारसा म्हटले जाते, त्याची मिसरूडही अजून फुटलेली नाही.

१०/
कर्जाच्या समर्थनार्थ शेवटी दादासाहेब फाळक्यांना ओढले जाते. फाळक्यांनी विमा गहाण ठेवला, ते १९१२ मध्ये लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. हो, कारण त्यांच्याकडे कॅमेराच नव्हता. परतल्यावर चित्रपटासाठी भांडवल हवे होते, तेव्हा त्यांनी त्याच कॅमेऱ्यासमोर वाटाण्याचे रोप ठेवले आणि महिनाभराहून अधिक काळ थोडी थोडी फिल्म खर्चून त्याची वाढ टिपली. ते रोप पडद्यावर भराभर वाढताना पाहून सावकार पैसे द्यायला तयार झाला.