कॅमेरा हलतोय? आधी ड्रोन उतरवा!

मित्रांनो, ड्रोन वर गेलाय, व्हिडिओ मस्त चाललाय आणि अचानक कॅमेरा एका बाजूला कलंडला, तर आपण काय करतो? स्क्रीनमध्ये डोकं घालतो! मेनू उघडतो, सेटिंग शोधतो. शेजारचे दोघे 'अरे कॅलिब्रेट कर ना' म्हणून सल्ला देतात. आणि ड्रोन बिचारा वर एकटाच. माझं स्पष्ट मत आहे की गिंबलचा बिघाड हवेत फक्त ओळखायचा असतो, दुरुस्त करायचा नसतो. कॅलिब्रेशनला तर सपाट आणि स्थिर जागा लागते. हवेत ती आणणार कुठून?

गिंबल म्हणजे तसं जुनंच प्रकरण. जहाजावरचं होकायंत्र कड्यांमध्ये टांगायचे, म्हणजे जहाज डुललं तरी ते सरळ राही. ड्रोनमध्ये कड्यांच्या जागी तीन छोट्या ब्रशलेस मोटर्स असतात. ड्रोन डावीकडे झुकला की सेन्सर सांगतो आणि मोटर कॅमेऱ्याला तितकंच उजवीकडे वळवते. हे सेकंदाला शेकडो वेळा चालतं. कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरला आपण जो पीआयडी पाठ करून जातो ना, तोच हा!

पण एक गोष्ट बरेच जण विसरतात. ड्रोन उडतो तो फ्लाइट कंट्रोलरवर, आणि त्याचे सेन्सर वेगळे असतात. गिंबल पार बंद पडला तरी ड्रोन व्यवस्थित उडतो. घोटाळा होतो तो आपल्यामुळे. स्क्रीनवर क्षितिज तिरकं दिसलं की हात आपोआप स्टिक उलट्या बाजूला ढकलतो. ड्रोन मुळात सरळच होता, आता तो खरोखर बाजूला सरकायला लागतो, आणि त्या बाजूला झाड आहे की विजेची तार हे स्क्रीनवर दिसत नाही. वेग सेकंदाला १० मीटर असेल, तर ५ सेकंद मेनू चाळेपर्यंत ५० मीटर अंतर गेलं!

आता हवेत ओळखायचं काय, ते बघू. लांब वळण घेतल्यावर क्षितिज तिरकं झालं, तर बहुतेक वेळा तो बिघाड नसतोच. वळणात सेन्सरला गुरुत्वाकर्षणासोबत वळणाचं त्वरणही जाणवतं आणि 'खाली' नेमकं कुठे याचा त्याचा अंदाज चुकतो. ड्रोन जागेवर थांबवा, थोडा वेळ द्या, एकदा रिसेंटर दाबून बघा. सरळ झालं तर उत्तम, नाही झालं तर परत आणा. दुसऱ्यांदा दाबत बसू नका.

आपल्या तुळजापुरात वाऱ्याचाही विचार करायला हवा. गाव बालाघाटच्या कडेवर. सोलापूरकडून वर चढताना घाटात जे वारं अंगावर येतं, ते ड्रोनच्याही अंगावर येणारच. खाली पान हलत नसतं आणि वर ड्रोन वाऱ्यात झुकून कसाबसा जागा धरून असतो. गिंबलला वळायला मर्यादा असते. ती संपली की कॅमेरा झटके देतो. इथे सेटिंग बदलून काही होत नाही, उंची कमी करायची.

चित्र जेलीसारखं थरथरत असेल तर मात्र सावध व्हा. कॅमेऱ्याचा सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो, त्यामुळे बारीक कंपनही लाटेसारखं दिसतं. कधी कारण साधं असतं, गिंबलचे डॅम्पिंग रबर निसटलेले असतात. पण पंखा तडकला असेल किंवा मोटरचं बेअरिंग गेलं असेल तरी अगदी असंच दिसतं. वरून ओळखता येत नाही, म्हणून वाईट धरूनच चालायचं आणि जवळच्या मोकळ्या जागेत लगेच उतरवायचं. कॅमेरा खाली मान टाकून बसला तर ओव्हरलोडची शक्यता जास्त. समोरचं दिसत नाही म्हणून घाबरून रिटर्न टू होम दाबण्याआधी त्याची उंची किती सेट केली आहे हे आठवा. आपल्या जिल्ह्यात डोंगरावर पवनचक्क्या आहेत, गंमत नाही!

नवरात्रात आणि पुढे पौर्णिमेला चालत येणाऱ्या भाविकांनी गाव भरतं. तेव्हा शॉटचा मोह मलाही होतो, खोटं कशाला बोलू. पण ५० मीटरवरून पडलेली वस्तू साधारण ३ सेकंदांत खाली येते. हवेचा अवरोध सोडला तर वेग होतो ताशी ११० किलोमीटरच्या पुढे. खाली एखादी आजी डोक्यावर परडी घेऊन चालली असेल तर? २०२१ च्या ड्रोन नियमांनी हौशी लोकांसाठी बरंच सोपं केलं, ग्रीन झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत मोकळीक दिली. पण माणसांच्या डोक्यावर कॅमेऱ्याशी खटपट करायला ती मोकळीक नाही.

आपल्यापैकी कित्येकांनी उडता कॅमेरा पहिल्यांदा पाहिला तो २००९ च्या 'थ्री इडियट्स'मध्ये. तो ड्रोन आयआयटी मुंबईच्या मुलांनी सुरू केलेल्या आयडियाफोर्जचा होता. पडद्यावर लक्षात राहिला तो हॉस्टेलच्या खिडकीशी तरंगणारा कॅमेरा, मागचं इंजिनिअरिंग कोणी विचारलं नाही. आपल्याकडच्या स्पर्धांचंही तेच. मार्क सगळे व्हिडिओला. उडवण्याआधी गिंबलचं कव्हर काढलं का, सुरू होताना तो मोकळा फिरला का, रिबन केबल दबली नाही ना, हे कोण तपासतं? म्हणून पुढच्या टेक-फेस्टसाठी माझी सूचना अशी: १०० पैकी ३० मार्क फ्लाइट लॉग आणि उड्डाणाआधीच्या तपासणीला ठेवा, आणि बिघाड दिसताच ड्रोन खाली आणणाऱ्या टीमला दुसरी फेरी द्या. कमिटीतल्या मित्रांनो, नियम छापायच्या आधी एवढं वाचा.