पाळणा कधी, पाळणा किती?

आनंदीबाई जोशी यांना वयाच्या १४ व्या वर्षी मुलगा झाला आणि तो अवघे दहा दिवस जगला. पुढे त्या अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या, हे आपण शाळेत वाचलेले असते. त्या दहा दिवसांच्या बाळाचा विचार मात्र सहसा कोणी करत नाही. अशा मृत्यूंना त्या काळी दैव म्हणत. आज वैद्यकशास्त्र सांगते की, बाळाचे आरोग्य बऱ्याच अंशी तीन गोष्टींशी बांधलेले असते: आईचे वय, तिची कितवी खेप आणि दोन बाळंतपणांतले अंतर.

अठरा वर्षांखालील मुलीचे स्वतःचेच शरीर अजून वाढत असते. त्यातच दिवस गेले की ताटातले चार घास दोन वाढत्या जिवांत वाटले जातात. बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे जन्मण्याची शक्यता वाढते. अशा बाळाच्या अंगात ऊब टिकत नाही, त्याला दूध नीट ओढता येत नाही आणि जंतुसंसर्ग चटकन होतो. यात गरिबीचाही वाटा मोठा असतो. सारा दोष वयाच्या माथी मारता येणार नाही. पण कोवळे वय आणि रिकामे ताट एकत्र आले, की बाळावर दुहेरी भार पडतो.

दुसऱ्या टोकाला पस्तिशीनंतरचे मातृत्व. या वयात रक्तदाब आणि मधुमेह डोके वर काढतात. डाऊन सिंड्रोमची शक्यता विशीतल्या आईच्या बाबतीत सुमारे दीड हजारात एक असते, ती चाळिशीत सुमारे शंभरात एक होते. शहरांतल्या नोकरदार स्त्रियांनी यामुळे धास्तावण्याचे कारण नाही. बहुतेक बाळे सुदृढच जन्मतात. तपासण्या तेवढ्या वेळेवर हव्यात.

खेपेचेही तसेच. पहिलटकरणीला थोडी जोखीम असतेच. दुसरी, तिसरी खेप तुलनेने सुखरूप. चौथ्या-पाचव्या खेपेपासून मात्र रक्तक्षय आणि बाळंतपणातला रक्तस्राव यांचे भय वाढते. आणि एका प्रसूतीनंतर पुन्हा दिवस जाण्यापूर्वी किमान २४ महिने जाऊ द्यावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

या मोजपट्टीवर महाराष्ट्र कुठे आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्याचा जननदर १.७ वर आला. संख्येची लढाई आपण जिंकली! पण त्याच पाहणीत २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. परभणी आणि बीडमध्ये हे प्रमाण ४० टक्क्यांवर होते. सतराव्या वर्षी लग्न, एकविशीच्या आत दोन मुले आणि लगोलग नसबंदी, असे घर सरकारी तक्त्यात आदर्श ठरते. संख्या बरोबर, वय चुकले आणि अंतरही चुकले. ‘दोन पुरेत’ शिकवताना आपण ‘केव्हा’ हे शिकवायचे विसरलो.

आईबापांना हे कळत नाही असे नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला वयात आलेली मुलगी गावी एकटी ठेवण्याची भीती वाटते. शिवाय मुकादम उचल देतो ती नवरा-बायकोच्या ‘कोयत्या’ला. मग हंगामाआधीच लग्न उरकले जाते. मुलींसाठी १८ वर्षांची अट १९७८ पासून आहे. ती २१ करणारे विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत आले आणि २०२४ मध्ये लोकसभेच्या मुदतीबरोबर बारगळले. पण अठराची अटच जिथे पाळली जात नाही, तिथे एकविसाची कोण पाळणार? तिथे हंगामभर चालणारे वसतिगृह आणि दहावीपुढची शाळा अधिक कामाला येईल.

बाकीचे काम घराघरांतले आहे. नव्या सुनेला वर्षाच्या आत ‘गोड बातमी कधी?’ असे विचारणे थांबले पाहिजे. पाळणा लांबवण्याची साधने आरोग्य केंद्रात मिळतात. ती वापरण्याची मोकळीक मात्र सासूने आणि नवऱ्यानेच द्यायची आहे. घरात येणाऱ्या बाळासाठी अंगडी-टोपडी शिवण्याच्या कितीतरी आधी करायची ही तयारी आहे.