उसना गहू, उसनी माहिती

तहव्वूर राणा याला एप्रिल 2025 मध्ये अमेरिकेने भारताच्या स्वाधीन केले, तेव्हा दिल्लीत उमटलेले समाधानाचे सूर अस्थानी नव्हते. मुंबईवर 26 नोव्हेंबर 2008 रोजी झालेल्या हल्ल्यात 166 माणसे मारली गेली आणि त्या कटातील एक आरोपी साडेसोळा वर्षांनी का होईना, भारतीय न्यायासनासमोर उभा राहत होता. परंतु पंधरवडा उलटण्यापूर्वीच पहलगामला 26 जणांची हत्या झाली. त्यांत महाराष्ट्राचे सहा जण होते. पुढे मे महिन्यात भारताने लष्करी कारवाई केली आणि शस्त्रसंधीची वार्ता जगाला दिल्लीने नव्हे, तर अमेरिकेच्या अध्यक्षांनी प्रथम दिली. जूनमध्ये पाकिस्तानच्या लष्करप्रमुखांना व्हाइट हाउसमध्ये मेजवानी मिळाली, जुलैमध्ये त्याच अमेरिकेने ‘द रेझिस्टन्स फ्रंट’ला दहशतवादी संघटना ठरविले, आणि ऑगस्टमध्ये भारतीय मालावरील आयातशुल्क 50 टक्क्यांवर नेऊन ठेवले. अमेरिका आपली मित्र की शत्रू, हा वाद या काळात दर महिन्याला कूस बदलत राहिला. कालचे स्तुतिपाठक आज निंदक झाले आणि परवा पुन्हा स्तुतिपाठक.

हा वाद निष्फळ आहे, कारण मुळातला प्रश्नच चुकीचा आहे. महासत्तेची प्रतिमा कशी आहे, याला भारताच्या संरक्षणाच्या दृष्टीने दुय्यम महत्त्व आहे. तिच्याकडून आपण काय उसने घेतो आणि त्याची किंमत कोणत्या चलनात चुकवितो, हा खरा प्रश्न होय.

मराठी मनातील अमेरिकेची प्रतिमा काही दूरचित्रवाणीने घडविलेली नाही. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील केडगावात तिची एक जुनी खूण उभी आहे. पंडिता रमाबाई 1886 मध्ये अमेरिकेस गेल्या. त्यांच्या कार्याला दहा वर्षे द्रव्यसाहाय्य देण्यासाठी बॉस्टनमध्ये संस्था स्थापन झाली. त्या आधारावर 1889 मध्ये शारदा सदन उभे राहिले आणि शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत निराधार झालेल्या मुलींसाठी केडगावला मुक्ती सदन आकारास आले. अमेरिकी दातृत्वाचे हे ऋण नाकारण्याचे कारण नाही. पण ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. ज्या देशापुढे रमाबाईंनी मदतीसाठी हात पसरला, त्याच देशाविषयी 1889 मध्ये लिहिलेल्या मराठी ग्रंथात त्यांनी लोकशाहीची व स्त्रीशिक्षणाची मनापासून वाखाणणी केली आणि कृष्णवर्णीयांना व मूळ रहिवाशांना मिळालेल्या वागणुकीचा दोषही पदरात घातला. घेणेकरी असूनही त्यांची बुद्धी गहाण पडली नाही. त्यानंतरच्या सव्वाशे वर्षांत आपल्या राज्यकर्त्यांना आणि विचारवंतांना हे किती वेळा साधले?

गव्हाचा इतिहास या संदर्भात बोलका आहे. पी. एल. 480 या कायद्याखाली अमेरिकी गहू 1956 च्या करारानंतर भारतात येऊ लागला. डॉलर द्यावे लागत नव्हते, रुपयांत हिशेब होत होता. तेव्हा तो जवळजवळ फुकटच वाटला. मात्र 1965 आणि 1966 असे लागोपाठ दोन दुष्काळ पडले, धान्याची आयात वर्षाला एक कोटी टनांच्या घरात गेली आणि मग त्या गव्हाची खरी किंमत कळली. अध्यक्ष जॉन्सन यांनी दीर्घ मुदतीचे करार थांबवून महिन्या-महिन्याला जहाजे सोडण्याचे धोरण धरले. भारताने शेतीधोरण बदलावे हा त्यामागचा एक हेतू होता. व्हिएतनामविषयीची दिल्लीची टीका त्यांना झोंबत होती, हेही लपून राहिले नव्हते. जून 1966 मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि डॉलरचा भाव 4.76 रुपयांवरून 7.50 रुपयांवर गेला. बंदरात उभ्या असलेल्या जहाजाकडे डोळे लावून बसलेला देश परराष्ट्रनीती स्वतंत्रपणे कशी चालविणार? हे अवलंबित्व दिल्लीतील निषेधसभांनी संपले नाही. संकरित बियाणे, कालवे, खते आणि हमीभाव यांनी ते संपविले. अमेरिकेचे विमानवाहू जहाज ‘एंटरप्राइज’ डिसेंबर 1971 मध्ये बंगालच्या उपसागरात शिरले, तेव्हा इंदिरा गांधींच्या सरकारला डगमगण्याचे कारण उरले नव्हते. सोव्हिएत करार पाठीशी होता हे खरे. पण कोठारात धान्य होते, हेही तितकेच खरे. (याच्या पुढच्याच वर्षी महाराष्ट्रात अवर्षण पडले आणि रेशनच्या दुकानांपुढे तांबड्या मिलोसाठी रांगा लागल्या. स्वावलंबन एकदा कमावले की कायमचे राहते, असे नाही.)

आज गव्हाची जागा माहितीने घेतली आहे. दहशतवादाशी लढताना तोफांहून अधिक मोलाची असते ती आगाऊ खबर, आणि ती आपण पुष्कळ अंशी उसनी घेतो. डेव्हिड हेडली हा अमेरिकी नागरिक, तेथील अमली पदार्थविरोधी खात्याचा एकेकाळचा खबऱ्या. हल्ल्याच्या जागा हेरण्यासाठी तो मुंबईस वारंवार येऊन गेला. त्याच्या दोन पत्नींनी त्याच्याविषयी अमेरिकी अधिकाऱ्यांना पूर्वीच सावध केले होते, हे 2010 मध्ये अमेरिकी वृत्तपत्रांनीच उघडकीस आणले. ऑक्टोबर 2009 मध्ये तो पकडला गेला. मार्च 2010 मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि मोबदल्यात फाशी नाही, भारताच्या स्वाधीन करणे नाही, अशी हमी मिळविली. भारतीय तपास अधिकाऱ्यांना त्याच्यासमोर बसता आले ते जूनमध्ये.

यात अमेरिकेने विश्वासघात केला, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. तिने आपल्या हिताचे पाहिले. 2001 नंतर साऱ्या जगाची सहानुभूती लाभलेल्या या राष्ट्राने ती इराकमध्ये, ग्वांटानामोत आणि अबू घरैबच्या तुरुंगात उधळली. ज्या पाकिस्तानला 2002 पासून पंधरा वर्षांत तेहतीस अब्ज डॉलर दिल्याचे अध्यक्ष ट्रम्प यांनी 2018 च्या आरंभी जाहीरपणे सांगितले, त्याच पाकिस्तानातील अबोटाबादेत तिला ओसामा बिन लादेन सापडला. जी महासत्ता स्वतःची अशी फसगत थांबवू शकली नाही, ती मुंबईची राखण करील ही अपेक्षाच मुळात कशाच्या बळावर धरावयाची?

शिवाय उसनी खबर हाती आली म्हणून काम भागत नाही. समुद्रमार्गे हल्ल्याच्या आणि ताज हॉटेलाविषयीच्या सूचना 26 नोव्हेंबरपूर्वी येऊन गेल्या होत्या. हेडलीने पुण्यात कोरेगाव पार्क परिसराची पाहणी केल्याचे त्याच्या अटकेनंतर कळले, पोलिसांना सावधगिरीचे इशारेही गेले, आणि तरीही 13 फेब्रुवारी 2010 रोजी त्याच परिसरातील जर्मन बेकरीत स्फोट होऊन सतरा माणसे प्राणांस मुकली. खबर वॉशिंग्टनहून येऊ शकते. कोपऱ्यावर ठेवलेली बेवारस पिशवी ओळखणारा शिपाई तेथून येत नाही.

त्या शिपायाची स्थिती काय होती, हे राम प्रधान समितीच्या 2009 च्या अहवालावरून कळते. मुंबईच्या शीघ्र कृती पथकाला दारूगोळ्याच्या टंचाईमुळे हल्ल्यापूर्वी वर्षभराहून अधिक काळ गोळीबाराचा सराव मिळाला नव्हता. देशाच्या आर्थिक राजधानीचे हे संरक्षण! पुढे फोर्स वन उभे राहिले, मुंबईत राष्ट्रीय सुरक्षा दलाचे केंद्र आले. या गोष्टी चांगल्याच आहेत. तथापि, नव्या पथकाच्या उद्घाटनाला मंत्री हजर राहतात आणि सरावाच्या काडतुसांची तरतूद मात्र पाचव्या वर्षी कोणाच्या लक्षातही राहत नाही, हा सरकारी खर्चाचा जुना स्वभाव आहे. भांडवली खर्चाचे छायाचित्र निघते, चालू खर्चाचे निघत नाही.

केडगावच्या पुढचे मोठे स्थानक दौंडचे. तेथे राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट आहेत, जवळच नानवीजला प्रशिक्षण केंद्र आहे. राज्यात कोठेही अघटित घडले की अशाच गटांतील जवानांना रातोरात गाडीत बसावे लागते. या जवानांना, शीघ्र कृती पथकांना आणि फोर्स वनला वर्षभरात सरावाचे किती दिवस मिळाले, मंजूर काडतुसांपैकी किती प्रत्यक्ष हाती पडली आणि सागरी पोलिसांच्या किती नौका चालू स्थितीत राहिल्या, एवढे तीन आकडे गृहखात्याने दर अर्थसंकल्पी अधिवेशनात विधिमंडळापुढे ठेवावेत. गोपनीयतेची सबब पुढे केली जाईल. ती खरी वाटत असेल, तर आकडे बंद दाराआड समितीला द्यावेत, पण द्यावेत.